साधं की पॉवर? नव्या वाहनचालकांसाठी प्रीमियम इंधन आणि ॲडिटिव्ह यांविषयी मार्गदर्शन

पहिली गाडी किंवा दुचाकी घेऊन पेट्रोल पंपावर गेले की टाकीचे झाकण उघडण्याआधीच प्रश्न येतो, ‘साधं टाकू की पॉवर?’ पंप दुसऱ्या कंपनीचा असेल तर ‘पॉवर’च्या जागी ‘स्पीड’ किंवा ‘एक्सपी’ हा शब्द येतो, पण प्रश्न तोच असतो. मागे रांग लागलेली असते, लिटरमागचा फरक सात-आठ रुपयांचाच वाटतो आणि नव्या गाडीला चांगले तेच द्यावे या भावनेने बहुतेक जण महाग इंधनाला होकार देतात. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये ‘इंजेक्टर क्लीनर’ची एक ओळ बिलात वाढते, आणि ऑनलाइन दुकानात मायलेज वाढवणाऱ्या बाटल्या दिसू लागतात. यांपैकी प्रत्येक गोष्टीमागे खरे रसायनशास्त्र आहे. मात्र ते आपल्या गाडीला लागू पडते का, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य गाड्यांना साधे पेट्रोल पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली गाडी त्या बहुसंख्यांत मोडते की अपवादांत, हे ठरवण्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: टाकीच्या झाकणामागचे लेबल वाचा

इंधनाच्या झडपेच्या आतल्या बाजूला बहुधा एक लहान लेबल असते, आणि गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमध्ये इंधनाविषयी एक स्वतंत्र परिच्छेद असतो. तिथे ‘आरओएन’ (रिसर्च ऑक्टेन नंबर) या अक्षरांपुढे ९१, ९५ किंवा ९८ असा आकडा दिलेला असतो; हा पेट्रोलचा ऑक्टेन अंक, त्याचा अर्थ दुसऱ्या पायरीत येईल. आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या आसपासच्या शब्दांना आहे. ‘किमान ९१’ लिहिले असेल तर गाडी ९१ ऑक्टेनवर पूर्ण क्षमतेने चालावी अशाच बेताने तिचे इंजिन तयार केलेले आहे आणि वरचा आकडा घालून तिला काही मिळणार नाही. ‘९५ ची शिफारस, किमान ९१’ असे असेल तर कमी ऑक्टेनवर इंजिन सुरक्षित राहते, पण ताकद थोडी कमी पडू शकते. ‘किमान ९५’ किंवा ‘किमान ९८’ असेल तर मात्र तो नियम समजावा आणि पैसे वाचवण्यासाठी तो मोडू नये. परदेशातून आलेल्या आलिशान मोटारी आणि मोठ्या सुपरबाइक यांच्याबाबत हे प्रामुख्याने लागू होते.

इथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे, कारण अमेरिकेत राहणारे नातेवाईक आणि तिथले व्हिडिओ यांतून हा गोंधळ आपल्याकडे येतो. अमेरिकेतल्या पंपांवर ८७, ८९, ९१ किंवा ९३ असे आकडे दिसतात, पण ते वेगळ्या पद्धतीने काढलेले असतात. तिथे दोन प्रकारच्या ऑक्टेन मोजणींची सरासरी लिहितात. तिथले ८७ हे आपल्याकडच्या मोजणीने साधारण ९१ ते ९२ भरते. म्हणजे तिथली ‘रेग्युलर’ गाडी आपल्या जुन्या साध्या पेट्रोलवरच चालत असते, आणि ‘अमेरिकेत ९१ ला प्रीमियम म्हणतात’ हे वाक्य इथे जसेच्या तसे लावता येत नाही.

दुसरी पायरी: ऑक्टेन म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या

ऑक्टेन अंक जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, हा समज इतका पक्का रुजलेला आहे की पंपावर काम करणारी मुलेही तो प्रामाणिकपणे सांगतात. प्रत्यक्षात ऑक्टेन अंकाचा ऊर्जेशी थेट संबंध नाही. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, ठरलेल्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून ज्वाला पसरत जाते. ही ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटले तर सिलिंडरमध्ये धक्का बसतो आणि त्याला नॉकिंग म्हणतात. असे आपणहून पेटणे पेट्रोल किती रोखून धरते, एवढेच ऑक्टेन अंक सांगतो. मोजपट्टीच्या एका टोकाला आयसोऑक्टेन हे द्रव्य आहे, त्याला १०० अंक दिले आहेत. दुसऱ्या टोकाला हेप्टेन आहे, त्याला शून्य. ठरावीक चाचणी-इंजिनात आपले पेट्रोल या दोघांच्या ज्या मिश्रणासारखे वागते, त्यातले आयसोऑक्टेनचे शेकडा प्रमाण म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक.

नॉकिंग ओळखायला घाट ही उत्तम जागा आहे. गाडीत चार माणसे आणि सामान, एसी चालू, कसारा किंवा खंबाटकीची चढण, आणि चालकाने गिअर न बदलता चौथ्यातच ॲक्सिलरेटर दाबून धरला, अशा वेळी इंजिनातून पत्र्यावर बारीक खडे पडावेत तसा टणटण आवाज येतो. तो ऐकू आल्यावर सर्वांत आधी खालचा गिअर टाकावा. बहुतेक वेळा आवाज तिथेच थांबतो आणि त्याला महाग पेट्रोल लागत नाही. योग्य गिअरमध्ये, योग्य वेगातही आवाज कायम राहिला तर गाडी मेकॅनिकला दाखवावी, कारण सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन, चुकीच्या प्रकारचा स्पार्क प्लग किंवा इंजिनाचे वाढलेले तापमान हीही त्याची कारणे असू शकतात.

आजच्या बहुतेक मोटारींमध्ये नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची चाहूल लागताच इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये सगळे ईसीयू म्हणतात, ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो, आणि इंजिन वाचवतो. वरच्या ऑक्टेनचा फायदा मिळतो तो याच ठिकाणी: ज्या इंजिनाला कमी ऑक्टेनमुळे ठिणगी मागे घ्यावी लागत होती, त्याला ती पुन्हा पुढे आणता येते. ज्या इंजिनाला मुळात ती मागे घ्यावीच लागत नव्हती, त्याला त्या जादा अंकांचे काही करता येत नाही. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, जास्त असेल तर प्रीमियमच लागते, हाही अर्धवट नियम आहे. मारुतीच्या ‘ड्युअलजेट’ इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १२:१ आहे आणि तरीही ते साध्या पेट्रोलसाठीच बनवलेले आहे, कारण ज्वलनकक्षाची रचना आणि ठिणगीचे नियंत्रण त्या बेताने केलेले आहे. म्हणून शेवटचा शब्द लेबलचा मानावा.

नॉकिंगवरचा पहिला मोठा उपाय १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधला. तो म्हणजे पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळणे. त्याने इंजिने शांत झाली, पण कित्येक दशके शिसे हवेतून माणसांच्या रक्तात गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० सालच्या फेब्रुवारीपासून थांबली. इंधनात मिसळलेली प्रत्येक वस्तू शेवटी कुठेतरी बाहेर पडतेच, ही गोष्ट बाटलीबंद ॲडिटिव्ह, म्हणजे इंधनात वरून मिसळायची रसायने, घेतानाही ध्यानात असावी.

तिसरी पायरी: २० टक्के इथेनॉलने बदललेला हिशेब पाहा

जुने सल्ले आज जसेच्या तसे का चालत नाहीत, हे या पायरीत आहे. बीएस-६ ही वाहनांच्या धुराविषयीची मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक ९१ होता, आणि त्या तुलनेत ९५ चे प्रीमियम पेट्रोल खरोखरच एक पायरी वर होते. त्यानंतर पेट्रोलमधले इथेनॉल वाढत वाढत २० टक्क्यांपर्यंत आले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे, त्यामुळे मिश्रणाचा अंक आपोआप वर गेला. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचा अंक आता ९५ झाला असल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

याचा अर्थ नव्या वाहनचालकाने नीट लक्षात घ्यावा. पंपावरच्या ज्या नोझलवर ‘९५’ हा आकडा ठळकपणे मिरवतो, त्यासाठी जादा पैसे देताना आपण ऑक्टेन विकत घेत आहोत असे वाटते. पण तेवढे ऑक्टेन शेजारच्या साध्या नोझलमध्येही आलेले आहे. जादा पैशांत प्रत्यक्ष मिळते ते त्यात मिसळलेले डिटर्जंट, म्हणजे इंजिनातली घाण साफ ठेवणारे रसायन. ते उपयोगाचे असू शकते आणि त्याचा विचार पुढे केला आहे, पण त्याची किंमत आकड्यावर भाळून देऊ नये.

दुसरा गैरसमज असा की प्रीमियम पेट्रोल घेतले की इथेनॉल टळते. ९५ च्या प्रीमियम पेट्रोलमध्येही इथेनॉल असते. इंडियन ऑइलचे एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल इथेनॉलविरहित म्हणून ओळखले जाते. ते डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आले तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता, म्हणजे त्या वेळच्या साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. एखादी जुनी, जपून ठेवलेली कार्बोरेटरची गाडी किंवा महिन्यातून एखाद्या रविवारी निघणारी सुपरबाइक असेल तर त्यासाठी ते घेणे समजण्यासारखे आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या दहा-बारा वर्षे जुन्या मोटारीसाठी मात्र तो खर्च पेलण्यासारखा नाही. अशा गाडीचे इंधनाचे रबरी पाइप, सील आणि गॅस्केट पुढच्या सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत आणि कडक झालेले, भेगाळलेले भाग बदलावेत. त्याला फार थोडा खर्च येतो आणि इथेनॉलच्या काळजीवरचा तोच खरा उपाय आहे.

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज काहीसे घटते, ही तक्रार खोटी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात इथेनॉलविना पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, तर १० टक्के मिश्रणासाठी रचून २० साठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के घट धरलेली आहे. प्रीमियम ९५ घेऊन ही घट भरून निघत नाही, कारण इथेनॉल दोन्हींत आहे.

चौथी पायरी: आपल्या गाडीचा हिशेब कागदावर मांडा

साधे पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये धरू. आठ रुपये म्हणजे जवळजवळ पावणेआठ टक्के. जी गाडी साध्या पेट्रोलवर लिटरला १६ किलोमीटर चालते, ती प्रीमियमवर किमान १७.२ किलोमीटर चालली तरच खर्च बरोबरीत येतो. आता या अपेक्षेशेजारी एक खरी मोजणी ठेवून पाहू. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ मध्ये अशाच गाड्या तपासल्या, ज्यांच्या उत्पादकांनी प्रीमियमची शिफारस केलेली आहे पण सक्ती केलेली नाही. प्रीमियमचा फायदा जिथे सर्वांत जास्त दिसायला हवा अशा या गाड्यांतही मायलेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या गाडीत पावणेआठ टक्के वाढीची आशा धरणे अवास्तव आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणाऱ्या अशा गाडीला ६२५ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे आठ रुपयांच्या फरकाचे वर्षाला ५,००० रुपये होतात. एवढ्या पैशांत एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि व्हील अलाइनमेंट ही कामे होतात, आणि त्यांचा परिणाम गाडीवर दिसतो.

तरीही स्वतः पडताळून पाहायचे असेल तर पद्धत साधी आहे. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, तसेच आपोआप बंद होईपर्यंत भरावे; चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागले की मायलेज मिळते. टायरमधली हवा सारखी ठेवावी, आणि साध्याच्या किमान तीन टाक्या व प्रीमियमच्या किमान तीन टाक्या अशी तुलना करावी, कारण एका टाकीत वाहतूक कोंडी, एसी आणि घाट यांनीच आकडा कमी-जास्त होतो. डॅशबोर्डवर दिसणारे सरासरी मायलेज हा अंदाज असतो. त्यावर निर्णय घेऊ नये. ‘पॉवर टाकल्यापासून पिकअप वाढला’ हा अनुभव अनेक जण मनापासून सांगतात, पण पैसे जास्त दिले की आपले लक्ष गाडीच्या चांगल्या वागण्याकडे अधिक जाते, आणि वही-पेन्सिलीचा हिशेब त्या भावनेपासून आपल्याला वाचवतो.

पाचवी पायरी: डिटर्जंटची खरी गरज कोणाला आहे ते पाहा

पेट्रोल जळताना आणि गरम धातूवर पडताना थोडा चिकट थर मागे राहतो. तो इनटेक व्हॉल्व्हवर आणि इंजेक्टरच्या बारीक छिद्रांभोवती साठला की फवारा बिघडतो, गाडी थंड असताना अडखळते, आयडलिंगला थरथरते, आणि गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग मारते’. चांगले डिटर्जंट हा थर साठू देत नाहीत आणि काही अंशी साठलेला काढतातही. म्हणूनच प्रीमियम इंधनातला हा भाग मी निरुपयोगी मानत नाही. मात्र डिटर्जंट फक्त प्रीमियममध्येच असतात असे नाही. जिओ-बीपीसारख्या काही कंपन्या आपल्या नेहमीच्या इंधनातच ते जादा पैसे न घेता मिसळत असल्याचे सांगतात. घराजवळ असा पंप असेल आणि भाव सारखाच असेल तर तिथे भरणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

इंजिनाची रचनाही इथे महत्त्वाची ठरते. नेहमीच्या पोर्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते, त्यामुळे डिटर्जंट व्हॉल्व्हला धुऊन काढतो. नव्या टर्बो गाड्यांतल्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जाते आणि व्हॉल्व्हला शिवतही नाही. तिथल्या व्हॉल्व्हवरचा कार्बन कोणत्याही पेट्रोलने किंवा टाकीत ओतलेल्या बाटलीने निघत नाही. इंजेक्टर मात्र स्वच्छ राहू शकतात. आपल्या गाडीत कोणते इंजेक्शन आहे हे मॅन्युअलमध्ये किंवा शोरूममध्ये कळते, आणि ‘पेट्रोल टाका, व्हॉल्व्ह साफ होतील’ असे सांगणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारावा.

सहावी पायरी: बाटल्यांपासून सावध राहा

बाटल्यांमध्ये दोन जाती असतात आणि त्यांना एकच समजू नये. इंजेक्टर क्लीनर ही पहिली. त्यात पॉलिइथरअमाइन हा घटक असेल तर तो काम करतो. जास्त चाललेल्या, शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत वावरणाऱ्या आणि अडखळण्याची लक्षणे दाखवणाऱ्या पोर्ट इंजेक्शन गाडीत तो लेबलवरच्या प्रमाणात एकदा वापरून पाहायला हरकत नाही. नव्या गाडीला प्रत्येक सर्व्हिसिंगला तो घालण्याची गरज नसते, आणि बिलातली ती ओळ नम्रपणे नाकारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मॅन्युअलमध्ये ॲडिटिव्ह वापरू नका असे लिहिले असेल तर वॉरंटीच्या काळात ते मुळीच वापरू नये.

ऑक्टेन बूस्टर ही दुसरी जात. त्यांच्या बाटलीवर ‘३० पॉइंट वाढ’ असे लिहिलेले असते तेव्हा ती वाढ बहुधा दशांशांत मोजलेली असते, म्हणजे प्रत्यक्षात तीन अंक. काहींमध्ये लोह किंवा मँगेनीज यांची संयुगे असतात. ती जळल्यावर स्पार्क प्लगवर आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर थर धरतात, आणि कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च कित्येक वर्षांच्या प्रीमियम पेट्रोलपेक्षाही मोठा असू शकतो. साध्या गाडीत यांचे काही काम नाही.

याच पायरीत घरगुती उपायांविषयीही सांगितले पाहिजे. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या की मायलेज वाढते, हा सल्ला आजही दिला जातो. त्या गोळ्या ज्या नॅप्थलीनच्या असतात ते पेट्रोलमध्ये विरघळते खरे, पण थंड भागांत पुन्हा स्फटिक होऊन फिल्टर आणि बारीक मार्ग तुंबवू शकते. फोर-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचे तेल) घालणे आणि इंधनाच्या पाइपवर चुंबक बसवणे यांनीही काही साधत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मायलेज वाढवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने आणि द्रव्ये तपासली आणि त्यांतल्या मोजक्यांनीच, तेही अगदी किरकोळ, सुधारणा दाखवली.

डिझेलवाल्यांसाठी

डिझेलला ऑक्टेन अंक लागू नाही; तिथे सिटेन अंक पाहतात, म्हणजे दाबाखाली इंधन किती चटकन पेटते. बीएस-६ डिझेलचा किमान सिटेन अंक ५१ आहे आणि रस्त्यावरच्या गाड्यांना तो पुरतो. डीईएफ किंवा ॲडब्लू हे डिझेलचे ॲडिटिव्ह नाही. ते धुरातले प्रदूषण कमी करणारे युरियाचे पाण्यातले द्रावण असून निळ्या झाकणाच्या स्वतंत्र टाकीतच जाते. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडले तर गाडी सुरू न करता, किल्लीही न फिरवता, टो करून नेऊन टाकी रिकामी करून घ्यावी.

शेवटची पायरी: पंपावर काय बोलावे आणि काय तपासावे

काच खाली करताच ‘साधं, इतक्या रुपयांचं’ असे स्पष्ट सांगावे, मीटरवरचा शून्य पाहावा आणि त्याच वेळी नोझलवरचे इंधनाचे नाव वाचावे. न विचारता महाग पेट्रोल भरले गेल्याच्या तक्रारी बहुधा याच क्षणी लक्ष नसल्यामुळे होतात. ‘साधं संपलंय, पॉवरच आहे’ असे हमरस्त्यावर कधी कधी ऐकू येते. टाकीत पुरेसे असेल तर पुढचा पंप गाठावा, नसेल तर पोहोचण्यापुरते दोन लिटर घ्यावे. साधे आणि प्रीमियम टाकीत एकत्र झाले तर काहीही बिघडत नाही, त्यासाठी टाकी रिकामी करण्याची गरज नसते.

इंजिनाला ऑक्टेनपेक्षा मोठा धोका भेसळीचा आणि पाण्याचा असतो, म्हणून गुणवत्तेचा आग्रह इथे धरावा. पेट्रोलची फिल्टर पेपर चाचणी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे: नोझलचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकला की दोन-एक मिनिटांत तो उडून जायला हवा, फिकट गुलाबी छटा राहिली तर ती रंगाची असते, गडद डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यावा. माप कमी वाटले तर वैधमापन विभागाचा शिक्का असलेले पाच लिटरचे भांडे मागून त्यात मोजून घ्यावे. घनता पंपावर लिहिलेली असते. ती तपासून दाखवायला सांगितल्यास १५ अंश तापमानाच्या हिशेबाने नोंदीतल्या आकड्याशी ३ एककांच्या (किलो प्रति घनमीटर) आत जुळायला हवी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि रिकाम्या जागेतली दमट हवा त्याला तो पुरवते. कोणत्याही चाचणीला नकार मिळाला तर पंपावरचीच तक्रार नोंदवही मागावी, तीत गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहावी, आणि बिलासह त्या पानाचा फोटो आपल्याकडे ठेवावा.